इंदूनं पिशवी उचलली आणि

काल कूलरवाला येऊन गेला. त्यानं गेल्या वर्षीच्या करपलेल्या ताट्या काढल्या, वाळ्याच्या नव्या बसवल्या, टाकीत पाणी सोडलं आणि बटण दाबलं. पंखा खडखडला, पहिल्या गरम झोतानं तोंड भाजून निघालं, आणि मग हळूहळू तो वास घरभर पसरला. ओल्या वाळ्याचा! माझी सून म्हणते, "आई, आता एसी घेऊनच टाकू या, किती ही पाण्याची कटकट." घ्या बाई, खुशाल घ्या. पण एसीला वास नसतो, आणि त्या वासाशिवाय मला उन्हाळा लागल्यासारखंच वाटत नाही. तो वास नाकात गेला की मला ताबडतोब काहीतरी वाचावंसं वाटतं. तेही मनातल्या मनात नाही. मोठ्यानं, चार बायकांच्या मधे बसून.

नागपूरच्या उन्हाळ्याला नावं ठेवायची रीतच आहे. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे मे महिन्यात चुकून आलेच तर स्टेशनवर उतरल्या उतरल्या असा चेहरा करतात, जणू आम्हीच भट्टी पेटवून ठेवली आहे. मी मात्र या उन्हाची भक्त आहे. कारण याच उन्हात, दहावीची परीक्षा देऊन घरी रिकामी बसले असताना, मला माझा लेखक सापडला. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "हे कोण?" आणि मला राग येईल. आजवर अनेकांनी असं विचारलं आहे आणि अनेकांशी मी त्यावरून अबोला धरला आहे.

आणि खरं सांगायचं तर, तो जवळजवळ पूर्ण उन्हाळा आम्हालाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

त्याला कारण नामदेवभाऊ. महालातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं भाड्यानं पुस्तकं देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे लाकडी टपरी; आत एक माणूस आणि तीन भिंतींना पुस्तकं. उन्हाळ्यात अख्खं शहर दुपारभर दारं लावून घरात बसायचं, आणि दार लावून बसलेल्या माणसाला पुस्तक लागतंच. एकानं जाडजूड कादंबरी नेली की बाकीचे टपरीसमोर ताटकळत. यावर नामदेवभाऊंनी अक्सीर इलाज शोधला होता. जाड पुस्तक आलं की ते सुरीनं त्याचे सरळ तीन तुकडे करायचे, दाभणानं शिवायचे, वरून खाकी कागद चढवायचे आणि निळ्या शाईनं एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. पुठ्ठा आणि पहिली पानं आधीच काढून टाकलेली. "पुठ्ठा असला का पोट्टे फाडतात," ते म्हणायचे. "आपणच काढून टाकला का टंटा नाई."

सुरी कुठे फिरवायची याचा त्यांचा नेम फक्त जाडीवर असे. प्रकरण संपलं का, वाक्य तरी संपलं का, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की अर्ध्या वाक्यापासून सुरू होणारं पुस्तक बघून कोणी दचकत नसे. दोन बायका भेटल्या की एक दुसरीला विचारायची, "तुमचा कितवा सुरू आहे?" पोटुशीला महिना विचारावा तसं! मग दुसरी म्हणायची, "दुसरा." आणि पहिली तोऱ्यात म्हणायची, "माहा तिसरा झाला, पण सांगत नाई वं."

तर असा एक खाकी पहिला भाग मी घरी आणला. नाव नाही, गाव नाही, कोणी लिहिलं पत्ता नाही. घरात पंखा फिरत होता आणि गरम हवा ढवळत होता. मी पहिलं पान उघडलं.

एक बाई भर दुपारी एसटीतून उतरते. तिच्या चपलेचा अंगठा तुटला आहे. पाय पोळू नयेत म्हणून ती कडुनिंबाच्या सावलीतून निघते आणि पळत पळत विजेच्या खांबाच्या सावलीत जाऊन उभी राहते. खांबाची सावली ती केवढी, शाळेच्या पट्टीएवढी! तेवढ्या सावलीत ती दोन्ही पावलं एकापुढे एक ठेवून उभी राहते आणि पुढची सावली शोधते.

मी पुस्तक छातीशी धरून उठूनच उभी राहिले. अहो, हे तर मी रोज करत होते! रोज, शाळेतून येताना, खांबाच्या सावलीत, अशीच पावलं ठेवून. हे कोणाला कसं कळलं? तोवर मी वाचलेल्या मराठी पुस्तकांत समुद्र असायचा, धुकं असायचं, रिमझिम असायची. ऊन असलं तर ते कोवळं असायचं आणि त्यात चाफा फुलायचा. डांबर वितळून चपलेला चिकटणारं आमचं ऊन छापण्याच्या लायकीचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पुढच्या पानावर त्या बाईनं, तिचं नाव इंदू, गावातल्या एका म्हातारीकडे पाणी मागितलं आणि म्हातारी म्हणाली, "काहून वं, एकटीच आली?" काहून! छापलेलं! मी ते आईला दाखवलं, शेजारी दाखवलं, संध्याकाळी माठ विकायला आलेल्या बाईलाही दाखवलं. तिनं पुस्तक उलटंसुलटं पाहून माठ घेता की नाही ते विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्यानं वाचू लागले. ते दिवस सरगुंड्यांचे. आमच्याकडे आमरसाबरोबर सरगुंडे लागतात. कणकेची बारीक लांब वात काढायची, ती काडीवर गोल गोल वळायची, वाळवायची. हे काम एकटीदुकटीचं नाही. गल्लीतल्या बायका दमूकाकूंच्या पुढच्या खोलीत जमत, कारण दमूकाकूंच्या दाराला वाळ्याची ताटी होती. काका, म्हणजे दमूकाकूंचे यजमान, गिरणीत होते. पाळीवरून आले की ते बाहेर ओसरीवर बसून त्या ताटीवर लोट्यानं पाणी शिंपडत. आत अंधार, गारवा, वाळ्याचा वास, ओली कणीक, आणि ताटीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या एका पट्टीत मी पुस्तक धरून बसलेली. हात सगळ्यांचे गुंतलेले, कान मोकळे. वाचणाऱ्या माणसाला याहून चांगले श्रोते मिळणार नाहीत, कारण त्यांना उठून जाताच येत नाही.

दमूकाकू चाळिशीच्या असतील. आवाज खणखणीत, अंगानं बारीक, बोलण्यात कोणाला हार न जाणाऱ्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मत मात्र प्रत्येक पानावर होतं. "हे बाईनंच लिवलं आहे," त्यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. "कणीक नखात कशी बसते ते माणसाले काय मालूम?" माझी आई म्हणाली, "असन एखादा माणूस तसाही." "तसा माणूस असता तर लिवत काहून बसला असता? कोण्या बाईचं भलं नसतं केलं!" तेव्हापासून लेखकाचं नाव पडलं, आपला लिवणारा. आपली लिवणारी म्हणावं की लिवणारा, यावर रोज खणाखणी व्हायची, पण "आपला" यावर एकमत होतं.

गोष्ट तशी साधी. इंदू सासर सोडून एका खेड्यात शाळेची बाई म्हणून आलेली. नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही. पण तो पुढे चालतो आणि ती मागे. तिला काही विचारायचं असतं हेच त्याला सुचत नाही. ती खेड्यात एका खोलीत शाळा भरवते, रात्री कंदिलाच्या काचा पुसते, विहिरीवरच्या बायकांशी भांडते. एवढंच. पण वाचताना आमच्या खोलीत सरगुंडे वळणारे हात थांबायचे. मी पान उलटायच्या आत कोणीतरी म्हणायचं, "वाच न वं लवकर!" मला इतका आनंद व्हायचा की मी मुद्दाम घोटभर पाणी प्यायचे.

दुसऱ्या भागाच्या शेवटी इंदूचा नवरा खेड्यात येतो. दुपारभर शाळेच्या पडवीत बसतो आणि शेवटी एकच शब्द म्हणतो, "चाल." इंदू आत जाते. बराच वेळ बाहेर येत नाही. मग एक पिशवी भरून आणते, पायरीवर ठेवते. त्याच्याकडे बघते. शाळेकडे बघते. आणि त्यानंतर शेवटची ओळ होती:

"इंदूनं पिशवी उचलली आणि"

झालं! तिथेच नामदेवभाऊंची सुरी फिरली होती.

खोलीत जो गलका झाला तो काय सांगू. माझी आई म्हणाली, "जाईन बिचारी. घेवाले आला तर जाणार नाई का?" दमूकाकू उसळल्या, "जाऊन पाह्यलं न एकदा! आता काय जाते?" "मंग पिशवी कायले उचलली?" "त्याच्या डोक्यात मारते!" कणीक वाळून गेली. मी धावत टपरीवर गेले तर नामदेवभाऊ हात झटकून मोकळे. तिसरा भाग दुकानात नव्हताच. मागच्या गल्लीतल्या गजभियेभाऊंनी नेला, आणि त्यांना कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी लागली म्हणून बिऱ्हाड हलवताना तोही सामानात गेला. "आता का करू मी?" नामदेवभाऊ म्हणाले. "कोराडीले जाऊ का शेवट आणाले?"

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्या उन्हाळ्यात दमूकाकूंच्या पोटात गाठ निघाली होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, काढून टाकू, पावसाळ्याच्या आत या. गाठ कसली ते काढल्यावरच कळणार होतं. काकू घाबरल्या होत्या, आणि घाबरल्याचं दमूकाकूंनी कबूल करणं शक्य नव्हतं. म्हणून त्या पुढे ढकलत होत्या. आधी म्हणाल्या सरगुंडे होऊ द्या. मग मूगवड्या होऊ द्या. मग आंब्याचं लोणचं. काका काही बोलत नसत. ते मुळातच बोलत नसत. बाजारात निघाले की काका पुढे, मोकळ्या हातानं. काकू मागे, दोन्ही हातांत पिशव्या. गल्लीतली सगळीच जोडपी अशी चालत, त्यात कोणाला वावगं वाटत नसे. पण अलीकडे काका रोज संध्याकाळी ओसरीवरून एवढंच विचारायचे, "मंग कधी जाचं?"

लोणचं मुरत पडलं आणि सबबी संपल्या, तेव्हा काकूंनी ही नवी काढली. "इंदूचं काय झालं ते ऐकल्याशिवाय मी दवाखान्यात पाय नाई ठेवत. मेली तर? मेली तर कोण सांगन मले वर येऊन?" सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. ओसरीवरचा लोट्याचा आवाज मात्र थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. आईला म्हणाले, "वहिनी, पोरीले पाठवता का माह्यासंग? कोराडीले जाऊन येतो."

नवतपा सुरू होता. उन्हाळ्यातले सर्वांत कडक ते दिवस. त्या दिवसांत माणूस कामाशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि गिरणीत खाडा करून कादंबरीचा एक तृतीयांश आणायला तर नाहीच नाही. एसटीच्या खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. काकांनी माझ्या हातात एक कांदा दिला. "जवळ ठेव. लू लागत नाई." मी कांदा मुठीत धरून बसले. मला हसू येत होतं आणि घाम येत होता. शेवट! आज शेवट कळणार! दूरवर कोराडीची धुराडी दिसली तेव्हा मी सीटवरून उठलेच.

कॉलनीत झाडांच्या पानांवर राख बसली होती. विचारत विचारत गजभियेभाऊंचं क्वार्टर सापडलं. रात्रपाळी करून आलेले, बनियनवर, झोप मोडल्यानं डोळे लाल. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात माठ. त्यांच्या पत्नीनं आधी पन्हं दिलं, मग काम विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नामदेवभाऊंचा तिसरा भाग तुमच्याकडे आहे का? इंदूचा?"

गजभियेभाऊंची झोपच उडाली. "इंदू? तुमच्याकडे पयला भाग आहे? आणला काय?"

पहिला समजून त्यांनी तिसरा उचलला होता! निळा आकडा पुसट झालेला; आणि अर्ध्या वाक्यानं सुरू झाला तर त्यात काय नवल, नामदेवभाऊंचं पुस्तक. सगळा वाचून झाल्यावर लक्षात आलं की हा शेवट आहे, आणि तोवर ते कोराडीला येऊन पडले होते. "चार खेपा वाचला मी हा," ते कळवळून म्हणाले. "शेवट पाठ आहे. पण हे बाई त्या शाळेत आली काहून, तो माणूस कोण, काही समजत नाई. हिले विचारा, झोपेत बडबडतो मी."

"बडबडतात खरे," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

"तर असं करू," गजभियेभाऊ म्हणाले. "आधी तू सुरुवात सांग. मंग मी शेवट देतो."

आणि मी सांगू लागले. एसटीतून उतरण्यापासून. खांबाची सावली, तुटलेला अंगठा, काहून वं एकटीच आली. पुस्तक हातात नसताना गोष्ट सांगायची ती माझी पहिलीच वेळ, आणि ती सगळी माझ्या तोंडात होती, वाक्यंच्या वाक्यं! गजभियेभाऊ मांडीवर थाप मारून म्हणत, "अस्सं! म्हून ते तसं बोलते!" शेजारचं क्वार्टरही येऊन बसलं. दुसऱ्या भागात मी जरा घाई केली, आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "विहिरीचं राह्यलं."

काका.

"विहिरीवर बाया विचारतात तिले," काका माठाकडे बघत म्हणाले, "तुहा नवरा कुठी आहे? तं ते म्हणते, मागून येऊन राहिला. पुढं पुढं चालाची सवय आहे न त्याले, म्हून वेळ लागून राहिला."

मी बघतच राहिले. ओसरीवर बसून, ताटीवर पाणी शिंपडत, काकांनी अख्ख्या दोन भागांतला शब्द न् शब्द ऐकला होता. पाळीवरून आल्यावर झोपायचं सोडून ते रोज तिथे का बसत, ते मला त्या दिवशी कळलं.

मग गजभियेभाऊंनी खाकी पुस्तक आणलं आणि स्वतःच मोठ्यानं शेवट वाचला. आम्ही सगळे ऐकत होतो. काय होतं त्यात ते आत्ता सांगत नाही. का, ते पुढे कळेल. वाचून झाल्यावर काकांनी विचारलं, "संपलं?" "संपलं." मी पुस्तक हातात घेऊन मागचं पान पाहिलं, आणि तिथे, शेवटल्या कोऱ्या पानावर, याच लेखकाची इतर पुस्तकं म्हणून चार नावं आणि वर लेखकाचं नाव! मी ओरडलेच. अजून चार होती! नाव मात्र दोन आद्याक्षरं आणि आडनाव, त्यामुळे लिवणारा की लिवणारी हा वाद जिथल्या तिथे राहिला.

परतीच्या गाडीत काकांनी पुस्तक पंच्यात गुंडाळून मांडीवर धरलं होतं, दुधाचं भांडं धरावं तसं. महाल जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "बरोबर लिवलं."

मी गल्लीतूनच ओरडत शिरले, "काकू, आणला! आणला!" बायका पदर सावरत जमल्या. ताटी ओली झाली. मी उजेडाच्या पट्टीत बसले, तिसरा भाग उघडला, श्वास घेतला, आणि दमूकाकू म्हणाल्या, "थांब. नको वाचू."

"काहून?" चारपाच जणी एकदम.

काकू हसत नव्हत्या. "आत्ता ऐकलं का सगळं झालं," त्या म्हणाल्या. "मंग मले तिकडून परत याचं काही कामच नाई राह्यत. राहू दे बाकी. बाकी असलं का माणूस येते." मग ताटीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "तुमाले मालूम झालं काय हो?"

बाहेरून काका म्हणाले, "हाव."

"सांगू नका."

"नाई सांगत."

"तू बी नाई," त्या मला म्हणाल्या. बाकीच्यांनी मला पुढे किती छळलं! लाच म्हणून कैरी देऊ केली, बर्फाचा गोळा देऊ केला. मी गोळा खाल्ला आणि सांगितलं नाही.

आणि दमूकाकू दवाखान्यात जायला निघाल्या. सकाळी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. काकूंनी देवाला हात जोडले, लोणच्याच्या बरणीचं फडकं नीट बांधलं, आईला दोनदा सांगितलं की मांजराला आत येऊ देऊ नका. मग वाकून पिशवी उचलली. काका दारात उभे होते. ते नेहमीसारखे पुढे निघाले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि काकूंच्या हातातली पिशवी घेतली.

"माय वं!" कोणीतरी म्हणालं. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. काकू लाजून लाल. "द्या इकडं. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे," काका म्हणाले, आणि गल्लीभर त्यांच्या बरोबरीनं चालत गेले.

काकांनी पिशवी का घेतली ते त्या गल्लीत मला एकटीला माहीत होतं, आणि बोलायची चोरी! मी घरात पळाले आणि उशीत तोंड खुपसून हसले, आणि मग रडले. पंधरा-सोळाव्या वर्षी ही दोन्ही कामं एकदम जमतात.

काकू परत आल्या. गाठ साधी निघाली. त्या आल्या त्या वार्डातल्या बायकांच्या गोष्टी घेऊन, आणि अशा तोऱ्यात की ऑपरेशन डॉक्टरांचंच झालं असावं. मी तिसरा भाग घेऊन धावले तर म्हणतात कशा, "आता कायले? मी सांगून आली न शेवट वार्डातल्या बायायले." दोन भाग त्यांनी वार्डाला सांगितले होते आणि तिसरा स्वतःच्या पदरचा जोडला होता. त्यांची इंदू पिशवी उचलते, नवऱ्याला म्हणते बसा, येते, आणि समोर आलेल्या एसटीत बसून पुढच्या गावाला निघून जाते. "साऱ्या रडल्या," काकू अभिमानानं म्हणाल्या. "नर्सबाई बी. आता तुह्या पुस्तकात याच्याहून बेकार असलं तर मले दुःख होईन. राहू दे."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर उन्हाळ्यात, पहिली ताटी लागली की, मी काकूंकडे जाऊन ते दोन भाग वाचायचे. माझं लग्न गावातच झालं, त्यामुळे खंड पडला नाही. नामदेवभाऊंनी टपरी बंद केली तेव्हा ते तिन्ही खाकी तुकडे त्यांनी माझ्याच हवाली केले. मी "आणि" पर्यंत यायचे, काकू हात वर करायच्या, "थांब," आणि मग खोलीतली प्रत्येक बाई आपापला शेवट सांगायची. केवढे शेवट ऐकले मी! एकीची इंदू मास्तरणीची मोठी बाई झाली, एकीची माहेरी गेली, एका नव्या सुनेची तर सिनेमात गेली. काका बाहेर बसून ऐकत. एखादा शेवट फारच भलतीकडे गेला तर आम्ही दोघं ताटीच्या फटीतून एकमेकांकडे बघायचो.

काकांचं एक बदललं होतं. बाजारात, लग्नाला, कुठेही निघाले की पिशवी त्यांच्या हातात. गल्लीनं वर्षभर चिडवलं, मग सवय झाली, मग आणखी दोघा-तिघांच्या हातांत पिशव्या दिसू लागल्या.

मी त्या लेखकाची बाकीची चार पुस्तकंही शोधून काढली. एकेक मिळालं की मी दिवसभर हवेत. पुढे कळलं की तो माणूस होता, बाई नव्हे. मी काकूंना सांगितलं. त्या जराही ढळल्या नाहीत. "त्याची बायको सांगत असन त्याले," म्हणाल्या. मला कधी त्या लेखकाला भेटावंसं वाटलं नाही. भेटून काय विचारणार? मला हवं ते त्यानं पहिल्याच पानावर दिलं होतं. माझं ऊन, माझा रस्ता आणि खांबाची ती पट्टीएवढी सावली. त्यानंतर मी जगात कुठल्याही घरात, कुठल्याही पंगतीत, "मले" म्हणताना जीभ चावली नाही.

काका गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. दमूकाकू पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या, आणि त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी नेहमीसारखी गेले. दाराच्या ताटीच्या जागी आता कूलर होता, पण वास तोच. काकू खाटेवर. खोलीत आम्ही दोघीच. सरगुंडे आता दुकानात मिळतात. मी वाचत गेले. खांब, विहीर, कंदील, पडवी, चाल. आणि आले त्या ओळीवर. "इंदूनं पिशवी उचलली आणि." मी सवयीनं थांबले, हात वर व्हायची वाट बघत.

हात वर झाला नाही. काकू म्हणाल्या, "वाच आता पुढं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "वाच वं. कोठी जाचं नाई, कोठून याचं नाई आता मले."

मी पिशवीतून तिसरा भाग काढला. इतक्या वर्षांत तो तिथे वाचलाच नव्हता. मी वाचू लागले. "ती त्याच्या हातात दिली. 'जड आहे, पाट्या आहेत पोरांच्या,' ती म्हणाली. 'शाळेपर्यंत घेऊन चाला.' तो उभाच राहिला. मग त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या बरोबरीनं चालू लागला."

काकू डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोप लागली. कूलर घरघरत होता. मग त्यांनी डोळे उघडले.

"म्हून त्या दिवशी यायनं माह्या हातची पिशवी घेतली होती काय वं?"

मी म्हटलं, "हाव काकू."

"आन् मी समजत राहिली," काकू म्हणाल्या, "का मी मरणार म्हून घेतली. माही कीव आली म्हून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सांगाचं नाई होय त्या माणसानं? इतके वर्ष!"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या न, सांगू नका."

"मी म्हटलं आन् त्यायनं ऐकलं," दमूकाकू म्हणाल्या, आणि त्या ओल्या वाऱ्यात एकट्याच कितीतरी वेळ हसत राहिल्या.